घरघर

पहिल्यांदा मी ऐकली.
दिसत नव्हतं कुणालाच काही.
सकाळचे सहा, अक्कलकोट रोड अजून तापायचा होता,
आणि प्राणीगृहात, खालून तिसऱ्या फळीवर, पिंजरा सतरामध्ये
कुणी ओल्या नाकानं कागद चुरगाळावा तसा आवाज.

मागावर एकवीस वर्षं काढलीत मी.
अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा अडखळतोय, पाठमोरा उभा राहून सांगायचो.
मग गिरणीलाच घरघर लागली,
आणि पंपावरच्या ओळखीनं मी इथं, फार्मसी कॉलेजात,
उंदरांना दाणा-पाणी करायला.

आमच्या घरी तेलुगूत एलुका.
इथं विस्टार.
नाव बदललं की उंदीर महाग होतो.

मेहेजबीन मॅडम हसल्या.
“चिलवेरीमामा, उंदीर कुरकुरतातच.”
हो की. कुरकुरतात.
पण कुरकुर पुढं जाते, ही जागच्या जागी फिरत होती.

आठ दिवसांनी त्याच्या डोळ्याभोवती लाल.
मॅडम ओरडल्या, रक्त!
डॉक्टर हिप्परगींनी कापसानं पुसलं. म्हणाले, रक्त नव्हे हे,
डोळ्यामागं एक ग्रंथी असते, तिचा रंग.
उंदीर आजारी पडला की पाझरतो.
मग वरच्या फळीवर एकीची मान कलली, उजवीकडं,
कुणी हाक मारल्यासारखी,
आणि ती हाक संपलीच नाही.

अहवाल पुण्याहून आला. मायकोप्लाझ्मा.
डॉक्टर फळ्यावर वर्तुळ काढून पोरांना सांगत होते:
या जंतूला भिंत नसते.
पेनिसिलिनचं काम भिंत पाडायचं. इथं ते काय पाडणार?
मी दारात बादली घेऊन उभा.
मला गिरणीची जागा आठवली. भिंती पाडून किती वर्षं झाली,
तरी भोंग्याच्या वेळेला आमच्या गल्लीत तिघं-चौघं उठून बसतात.

दोष पुरवठादाराचा ठरला.
आजार तिकडूनच आला होता, ते खरंच आहे.
प्राचार्यांनी पत्र लिहिलं, मॅडमची सात महिन्यांची मेहनत गेली,
नव्वद उंदीर काढून टाकायचे ठरले.

आता जे मी कुणाला बोललो नाही ते.
एप्रिलात नळ पाचव्या दिवशी यायचा.
टाकीत तळाला गाळ, आणि बाटल्या तर भरायच्याच.
पिंजरे आठवड्यातून दोनदा धुवायचे. मी एकदा धुतले.
तीन आठवडे.
वहीत मात्र दोनदा. मंगळवार, शुक्रवार,
खाली माझी सही, वळण अजून तेलुगू शाळेचं.
भुश्श्यात मूत साचलं की अमोनिया चढतो,
नाकाची आतली कातडी सोलतो,
गप्प बसलेल्या जंतूला म्हणतो, ये.
हे मला हिप्परगींनीच शिकवलं होतं,
नोकरीच्या पहिल्या महिन्यात, चहा पाजून.

गॅसच्या पेटीपाशी मॅडम बाहेर थांबल्या होत्या.
नंतर आत आल्या, मोजायला.
एकोणनव्वद भरले.
पुन्हा मोजले. एकोणनव्वद.
सतरा नंबरचा माझ्या बाहीत होता,
नेहमीसारखा, तोंड खुपसून, घरघरत.
लपवला नव्हता मी. म्हणजे,
लपवला होता की नाही मला सांगता येणार नाही.
मॅडमनी बाहीकडं पाहिलं. काही बोलल्या नाहीत.
मीच हात पुढं केला.

बायको म्हणाली, दोनदा आंघोळ करूनही वास जात नाही तुमचा.
मी म्हटलं, फिनेलचा आहे.

जुलैत हैदराबादहून नवे आले. खोक्यांना भोकं, भोकांत मिशा.
मी एकेका खोक्याला कान लावून बसलो.
वॉचमन बिराजदार म्हणाला, रेडिओ आहे का आत?
काहीच ऐकू येत नव्हतं.
त्या काहीच-नाहीवर माझा भरवसा बसेना.

वहीचं नवं पान. मंगळवार.
जिना चढून गच्चीवर गेलो,
टाकीचं झाकण उचलून काठी बुडवून बघितली.
दीड हात.
खाली येऊन पिंजरे धुतले, सगळे, मग तारीख घातली.
सहीच्या जागी बराच वेळ
पेन टेकवून बसलो.